कलावंत मुक्कामाला येतो तेव्हा : सेवाग्रामची अठरा वर्षे



'रेसिडेन्सी' हा शब्द विदर्भातल्या माणसाने जरा जपूनच ऐकावा. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट बसायचा, आणि त्याच्या मुक्कामाचे ठिकाण ते रेसिडेन्सी. तो पाहुणा म्हणून आला, शेजारी म्हणून राहिला आणि नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाल्यावर मालक झाला. पुढच्याच एप्रिलमध्ये पळत्या दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेची वाताहत झाली ती या आपल्या पांढरकवड्याच्या मुलखात. तेव्हा कोणी येऊन 'आम्ही तुमच्याकडे राहायला येतो' म्हणाले, तर 'कशासाठी बुवा?' असे विचारायचा हक्क केळापूर तालुक्याने इतिहासातून कमावलेला आहे.

आज हा शब्द कलेच्या जगात फिरतो आहे. एखादी संस्था गावाच्या किंवा वस्तीच्या पुनरुत्थानाचे काम करते, आणि चित्रकाराला, शिल्पकाराला काही महिने आपल्याकडे राहायला बोलावते. लंडनमध्ये १९६६ साली जॉन लॅथम आणि बार्बरा स्टेवेनी यांनी मंडळींना जमवून एक गट काढला आणि कलावंतांना कारखान्यांत, सरकारी कचेऱ्यांत नेऊन बसवले. काय करायचे हे आधी ठरवायचे नाही, ही त्यांची अट. पाश्चात्त्य पुस्तकांत या कल्पनेचा इतिहास पुष्कळदा तिथून सुरू होतो. आमचे म्हणणे असे, की हा इतिहास आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात त्याआधी वीस-बावीस वर्षे घडून गेला होता, आणि तोही काही महिन्यांचा नव्हे. देवीप्रसाद नावाचा एक चित्रकार १९४४ साली सेवाग्रामला आला आणि १९६२ पर्यंत तिथे राहिला. त्याने तिथे काय केले आणि त्यातले काय टिकले, हे आज पाहायचे आहे.

पण आधी थोडे मागे जाऊ. सेवाग्राम आणि चित्रकला ही जोडी मुळात विजोडच वाटते. गांधीजींचे जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाचे ऑपरेशन झाले. ते बरे होत असताना दिलीपकुमार रॉय हे गायक त्यांना भेटायला गेले आणि कलेवर बोलणे निघाले. गांधीजींचे म्हणणे थोडक्यात असे, की आपल्या खोलीच्या भिंती कोऱ्या असल्या तरी चालतील. वर ताऱ्यांनी भरलेले आकाश आहे, ते पुरे. टॉलस्टॉयचे कलेवरचे पुस्तक ज्याने मनापासून वाचले तो माणूस असेच बोलणार. जी कला कष्टकऱ्याला कळत नाही, त्याच्या उपयोगाची नाही, ती काय कामाची?

आता गंमत बघा. हेच गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले. (गजानन महाराजांच्या शेगावशी नावाचा घोळ होऊन टपाल चुकायचे, म्हणून १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम केले.) तिथे ज्या कुटीत ते पुढे राहिले, ती मुळात मीराबेननी स्वतःसाठी बांधलेली. ब्रिटिश आरमारातल्या अधिकाऱ्याची ही मुलगी, बेथोव्हेनची भक्त. तिने कुडाच्या, मातीने लिंपलेल्या भिंतींवर हातांनी झाडांच्या, चरख्याच्या उठावाच्या आकृत्या काढल्या. आजही बापूकुटीत गेलात तर दिसतात. म्हणजे कोऱ्या भिंतीवर समाधान मानणाऱ्या माणसाच्या भिंती कोऱ्या राहिल्याच नाहीत. आणि त्याने त्या पुसायलाही सांगितल्या नाहीत. का? आमच्या मते, त्या घराच्याच मातीतून निघाल्या होत्या म्हणून. चौकट नाही, सही नाही, वेगळा खर्च नाही. आपल्याकडच्या बायका सारवण झाल्यावर बोटे उमटवतात, त्याच जातीचे ते काम.

त्याच वर्षी डिसेंबरात खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. मंडपाच्या आणि नगराच्या सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांना बोलावले. बोस कलाभवनाचे प्रमुख, देशातले पहिल्या रांगेतले चित्रकार. अट एकच होती : जे लागेल ते गावातले. त्यांनी बांबू, गवत, चटया, मातीची भांडी घेऊन काम उभे केले, आणि गांधीजींनी प्रदर्शन उघडताना त्यांना जाहीर शाबासकी दिली. पुढे १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी बोसांनी केलेली चित्रे तर आता कलेच्या प्रत्येक इतिहासात छापलेली असतात. पण अधिवेशन म्हणजे शेवटी जत्राच की. चार दिवसांनी बांबू सोडले, चटया गुंडाळल्या, मंडळी गाडीत बसली. फैजपूरच्या बुरुडाच्या हाती त्यातून पुढे काय राहिले, हा प्रश्न आम्हाला कुठे विचारलेला दिसत नाही.

तो प्रश्न विचारायला मुक्काम लांबवावा लागतो. त्याची शाळा होती बंगालमध्ये. रवींद्रनाथांनी १९२२ साली शांतिनिकेतनशेजारी सुरुल गावात श्रीनिकेतन काढले, ग्रामपुनर्रचनेसाठी. सोबतीला लेनर्ड एल्महर्स्ट हा शेतीचा अभ्यास केलेला तरुण इंग्रज. शेती, मलेरियाचा बंदोबस्त आणि सहकारी पतपेढी यांच्या जोडीला चामड्याचे, लाखेचे, मातीचे काम. आणि मदतीला कलाभवनातले चित्रकार. एल्महर्स्टने परत जाऊन १९२५ मध्ये पत्नीसह डेव्हन परगण्यात डार्टिंग्टन नावाची पडीक जहागीर विकत घेतली आणि तेच सूत्र तिथे लावले. शेती सुधारा, गिरण्या चालवा आणि कलावंतांना राहायला आणा. कुंभारकामाचे आचार्य बर्नार्ड लीच तिथे होते, जर्मनीतून परागंदा झालेला नृत्यकार कुर्ट योस तिथे होता. आपले उदयशंकरही तिथे राहून आले, आणि त्यांच्या अल्मोड्याच्या केंद्राला एल्महर्स्ट दांपत्याचा पैसा मिळाला. म्हणजे ज्याला आज आपण विलायतेतून आलेली नवी कल्पना समजतो, तिचे एक मूळ बंगालच्या लाल मातीत आहे.

त्या मूळाची दुसरी फांदी वर्ध्याला आली. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद झाली. हस्तव्यवसाय मध्यभागी ठेवून सगळे शिक्षण द्यायचे, ही गांधीजींची योजना तिथे मांडली गेली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला, आणि १९३८ मध्ये हिंदुस्थानी तालिमी संघ स्थापन झाला. संघाचे काम सांभाळले आर्यनायकम् आणि आशादेवी या जोडप्याने. आर्यनायकम् जाफन्याचे, म्हणजे श्रीलंकेतले, आशादेवी बंगाली, आणि दोघेही शांतिनिकेतनात रवींद्रनाथांच्या हाताखाली काम केलेले. हे लक्षात ठेवा. गांधी आणि टागोर यांचे वाद आपण परीक्षेला पाठ करतो; पण वर्ध्याची शाळा चालवणारी माणसे टागोरांच्या अंगणातली होती. म्हणूनच त्यांना शाळेत चित्रकार हवा होता. नुसत्या सूतकताईवर विश्वास असणाऱ्याने तो मागितलाच नसता.

देवीप्रसाद मूळचे डेहराडूनचे, जन्म १९२१ चा. १९३८ ते १९४४ कलाभवनात शिकले. नंदलाल, विनोदबिहारी आणि रामकिंकर असे गुरू. पदवी घेऊन हा तेवीस वर्षांचा मुलगा मुंबई-कलकत्त्यात नाव काढायचे सोडून वर्ध्याच्या उन्हात आला. सेवाग्रामचा दिनक्रम तुम्हाला ऐकून माहीत असेल. पहाटेची प्रार्थना, सफाई, कताई, सार्वजनिक स्वयंपाकघर, शेत. चित्रकला शिकवणाऱ्याला त्यातून सूट नव्हती, आणि असती तर त्याने ती घेऊ नये असेच आम्ही म्हणू. आजच्या कलावंताला स्वतंत्र खोली, उत्तरेचा उजेड आणि 'वेळ' लागतो. वेळ लागतो हे खरे. पण देवीप्रसादांना जे कळले ते पुष्कळसे त्या सफाईच्या आणि स्वयंपाकाच्या तासांत कळले असणार, असे आम्हाला वाटते.

त्यांच्यापुढचा पेच मात्र नीट समजून घेतला पाहिजे, कारण सगळे व्याख्यान त्या पेचाभोवती आहे. योजनेत एक कलम असे होते, की मुलांनी केलेल्या वस्तू विकून शाळेचा खर्च, निदान शिक्षकाचा पगार, निघावा. या कलमावर १९३७ च्या परिषदेतच प्रा. के. टी. शहा यांनी कडाडून आक्षेप घेतला होता. मुलांच्या श्रमाचा माल बाजारात उतरवाल तर गरीब कारागिराशी स्पर्धा होईल, असे त्यांचे म्हणणे. तो वाद आज बाजूला ठेवू. प्रश्न असा : सुताची गुंडी विकता येते, चटई विकता येते, भाजी विकता येते. सात वर्षांच्या मुलीने काढलेले बैलाचे चित्र, ज्याला पाय पाच आहेत आणि जे आभाळात उडते आहे, त्याचे काय करायचे?

अधिकाऱ्याचे उत्तर सोपे आहे : तो तास बंद करा. कलाशिक्षकाचेही उत्तर सोपे असते : तिला बैलाचे पाय मोजायला शिकवा. आपल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा आठवा. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. रबराने खोडखोडून कागदाला भोक पडायचे. आम्हीही त्यातूनच गेलो आहोत, आणि त्या परीक्षांनी महाराष्ट्रात खेडोपाडी निदान पेन्सिल-रंगपेटी पोचवली हे उपकार आम्ही नाकारत नाही. पण देवीप्रसादांनी दोन्ही उत्तरे नाकारली. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी मुलांना मोकळे चित्र काढू दिले होते. हर्बर्ट रीड यांचे 'एज्युकेशन थ्रू आर्ट' १९४३ मध्येच निघाले होते. त्या विचारांच्या वाटेने देवीप्रसाद चालले, पण सेवाग्रामच्या जमिनीवर. मुलाचे चित्र हे मोठ्यांच्या चित्राची कच्ची नक्कल नाही, ते मुलाचे पुरते बोलणे आहे. ते दुरुस्त करायचे नसते. हे त्यांनी वर्षानुवर्षे मुलांबरोबर आणि शिकाऊ शिक्षकांबरोबर बसून तपासले, 'नई तालीम' मासिकात मांडले, आणि १९५९ मध्ये त्याचे हिंदी पुस्तक झाले, 'बच्चों की कला और शिक्षा'. पुढे १९९८ मध्ये ते इंग्रजीत आले तेव्हा नावातच दावा होता : कला हा शिक्षणाचा पाया.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे थोडे थांबावेसे वाटते. कांटने शिकवले, की सौंदर्याचा आनंद निर्हेतुक असतो. उपयोग आला की तो गढूळ होतो. गांधी-टॉलस्टॉय म्हणतात, उपयोग नसेल तर ती चैन. या दोन्हींच्या मधे आनंद कुमारस्वामी उभे आहेत. तेही श्रीलंकेच्याच मातीतले, बरं का. जुन्या सिंहली कारागिरीवर त्यांनी १९०८ मध्ये ग्रंथ लिहिला, आणि आयुष्यभर सांगितले, की कलावंत नावाची वेगळी जात हा आधुनिक काळाचा शोध आहे. नीट केलेले कोणतेही काम कलाच असते. देवीप्रसाद यांच्या जवळचे. म्हणून तर ते चित्रापासून मातीकडे वळले. माठ वापरायचा असतो आणि त्याचा गळा सुंदर असतो. दोन गोष्टी वेगळ्या काढून दाखवा पाहू. ते चाक फिरवायला लागले, भट्ट्या लावायला लागले. आपल्या भागात ही सोपी गोष्ट नाही. काळी कापसाची जमीन वाळली की भेगाळते. कुंभाराला तळ्याकाठचा, नदीकाठचा गाळ शोधावा लागतो. कलाभवनात शिकलेला पदवीधर अशी माती हुंगत हिंडला की गावाशी त्याचे नाते आपोआप बदलते. तो शिकवायला आलेला असतो आणि शिकायला लागतो.

पण इथे एक अडचण आहे, आणि सेवाग्रामवर भक्तिभावाने लिहिणारे ती टाळतात. चाक तेच. देवीप्रसादांनी ते निवडले. कुंभाराच्या पोराला ते जन्माने मिळालेले. ज्याच्या कपाळी धंदा जातीने लिहिला आहे त्याला 'हस्तव्यवसायातून शिक्षण' ऐकून आनंद का व्हावा? शेगावात दलित वस्ती मोठी होती. आणि १९५६ साली जवळच नागपुरात धम्मदीक्षा झाली. गावोगावच्या लोकांनी जातीने लादलेली कामे टाकली, मुलांच्या हातात पाटी-पुस्तक दिले. त्या बापाला जाऊन 'पुस्तकापेक्षा टकळी बरी' असे सांगायची हिंमत आमच्यात नाही. कलावंत ज्या कामात मुक्ती पाहतो तेच काम दुसऱ्याची बेडी असू शकते. देवीप्रसादांना हे दिसत नव्हते असे नाही. पण आश्रमाचे कुंपण आणि गावाची वेस यांमधले अंतर एका चित्रकाराने मिटण्यासारखे नव्हते.

पुढचे थोडक्यात सांगतो. ज्यांच्या ओढीने सगळे आले ते गांधीजी १९४६ च्या ऑगस्टनंतर सेवाग्रामला परतलेच नाहीत. म्हणजे अठरांपैकी सोळा वर्षे देवीप्रसादांनी गांधींविना काढली. सरकारांनी बुनियादी शाळांच्या पाट्या लावल्या, आतला अभ्यासक्रम जुनाच ठेवला. नोकरी हवी तर मॅट्रिकचे प्रमाणपत्र हवे, हे पालकांना पक्के कळले होते. १९५९ मध्ये तालिमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला. १९६२ मध्ये देवीप्रसाद लंडनला गेले, युद्धविरोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे सरचिटणीस म्हणून. लोकांना हे वळण चमत्कारिक वाटते. कुंभार आणि शांतता चळवळ? आम्हाला ते सरळ वाटते. ज्या मुलाला हातांनी काही घडवता आले नाही ते मोडण्यात समाधान शोधते, हा विचार पक्का झालेला माणूस शाळेतून युद्धविरोधाकडे गेला तर त्यात नवल काय? शेवटी ते भारतात परतले, दिल्लीत पुन्हा मातीत हात घातले, आणि २०११ मध्ये गेले. दिल्लीच्या कलाजगताने त्यांना उतारवयात थोर कुंभार म्हणून डोक्यावर घेतले. आमच्या विदर्भात त्यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे, हे तुम्हीच सांगा.

आता दुसऱ्या प्रकारचा मुक्काम पाहू, म्हणजे तुलना होईल. १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात पुपुल जयकरांनी भास्कर कुलकर्णी या मुंबईच्या चित्रकाराला मधुबनीला पाठवले. त्याने तिथल्या बायकांना कागद दिला. भिंतीवरचे चित्र कागदावर आले, कागद विकला गेला, घरात धान्य आले. ही मोठीच गोष्ट. मग सत्तरीच्या दशकात तोच कुलकर्णी डहाणूकडे वारल्यांत गेला, आणि जिव्या सोमा मशे यांचे नाव जगाला कळले. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचे प्रदर्शन झाले. कुलकर्णीने शिकवले काहीच नाही, कागद ठेवला आणि पाहत राहिला, हे त्याचे मोठेपण. पण लग्नचौक लिहिण्याचा मान मूळ सवाशिणींचा होता. तो कागदावर आला आणि पुरुषांच्या हाती गेला. पैसा आला आणि मान सरकला. दोन्ही खरे.

आणि तिसरा, उलट दिशेचा. पाटनगढचे जनगढसिंह श्याम हे परधान गोंड. परधान आपल्या केळापूरातही आहेत. भोपाळच्या भारत भवनाने १९८१-८२ च्या सुमारास त्यांना गावातून आणले, ते जगप्रसिद्ध झाले. २००१ मध्ये जपानच्या मिथिला म्युझियममध्ये निवासी कलावंत म्हणून असताना, घरापासून इतक्या दूर, त्यांनी आपले आयुष्य संपवले. कारणांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात आम्ही भर घालत नाही. आपल्या जिल्ह्यात अशा बातमीवर बोलताना माणसाने जीभ सांभाळावी. एवढेच म्हणतो, की यजमान कोण, पाहुणा कोण आणि परतीचे तिकीट कोणाच्या हातात, हे प्रश्न कागदोपत्री किरकोळ दिसतात आणि माणसाच्या जिवाशी जाऊन भिडतात.

इथल्या काही तरुणांचा बेत आमच्या कानावर आला आहे, तो चांगला आहे. कला महाविद्यालयातली मुले उन्हाळ्यात बोलवायची, कोलाम पोडांवर महिनाभर ठेवायची, शाळा-अंगणवाड्यांच्या भिंती रंगवायच्या. बोलवा. फक्त भिंतीवर काय काढणार ते विचारून घ्या. यवतमाळ जिल्ह्यात कुठल्याही सरकारी भिंतीवर गेरूच्या रंगावर पांढरी वारली माणसे फेर धरून नाचताना दिसतात. वारली राहतात पालघरला! इथे पोडावर दिवाळीच्या सुमारास दंडार निघते, तिचे ढोल, तिचे वेश, तिची रात्र आहे. ते पाहायला उन्हाळ्यात येऊन भागणार नाही. पैनगंगेपलीकडे आदिलाबादेत, कोमरम भीम १९४० मध्ये गोळीबारात मारला गेल्यावर, हायमेनडॉर्फ हा मानवशास्त्रज्ञ मारलावाई गावात राहून गोंडी शिकला आणि १९४३ मध्ये तिथे गोंड शिक्षकांचे केंद्र उघडले. आधी भाषा, मग केंद्र.

तेव्हा आमची सूचना अशी आहे. पहिले तीन महिने रंगाचा डबा उघडू नये. कोलामांच्या टोपल्या-सुपांजवळ बसावे. बांबू कुठून येतो, कोणत्या महिन्यात तोडला तर भुंगा लागत नाही, प्लास्टिकच्या टोपलीने गिऱ्हाईक किती पळवले, हे वहीत लिहावे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले आहे. त्याचा सामूहिक हक्क या पोडाला मिळाला आहे का, दावा कुठे अडकला आहे, हे तहसिलीत जाऊन पाहावे. होऊ शकते, की टोपली विणणारी बाई म्हणेल : पोरा, चित्र राहू दे, माझा तेवढा दाव्याचा कागद लिहून दे. मग तो कागद लिहून द्यावा, आणि तिने टोपलीचा काठ कसा वळवला ते पुन्हा एकदा दाखवायला सांगावे.